एकटीची साक्ष

९ फेब्रुवारी

हो म्हणून बसले! फोन ठेवला आणि मग कळलं आपण काय करून बसलोय. गिर्यारोहण महासंघाचे सचिव इतक्या अदबीनं बोलत होते की मला वाटलं, कुठल्या तरी बक्षीस समारंभाला बोलावतायत. निघालं चौकशी समितीचं अध्यक्षपद — निवृत्त न्यायाधीश हवी म्हणे. आणि चौकशी कोणाची — तर कप्तानची!

कप्तान कोणाला माहीत नाही? बर्फाच्या डोंगरांवर आपलीही माणसं चढू शकतात हे पहिल्यांदा त्यानं दाखवलं. लेकीच्या चौथीच्या पुस्तकात त्याच्यावर धडा होता. हे भूगोल शिकवायचे तेव्हा दरवर्षी त्याच्या मोहिमांचे नकाशे फळ्यावर काढायचे. कुठला तळ कुठे, वारा कुठून येतो — सगळं पाढ्यांसारखं पाठ.

तक्रार पेपरात गाजतेच आहे. दोन वर्षांपूर्वीची मोहीम. डोंगर उतरताना तिघं वादळात अडकले — कप्तान, एक तरुण गिर्यारोहक आणि ही मुलगी. ती म्हणते, वादळ चालू असताना भरदुपारी कप्तान तिच्या तंबूत आला आणि त्यानं तिच्यावर जबरदस्ती केली. तो म्हणतो, मी माझ्या तंबूतून बाहेरच पडलो नाही. डोंगर परक्या देशातला. तिथले पोलीस म्हणतात तुमचं तुम्ही बघा, इथले म्हणतात आमची हद्द नाही. राहता राहिला महासंघ. म्हणजे आता मी!

ह्यांना सांगितलं तर हातातला कप खाली ठेवला. "तुला दुसरं काही काम नाही का? पाय मोडलेल्या जोडीदाराला पाठीवर घेऊन उतरलेला माणूस आहे तो! आणि कोणीतरी उठून काहीतरी म्हणतं. पुरावा काय?"

लेकीचा फोन आला, तिचं वेगळंच. "ग्रेट, आई! आता तरी एखादीवर विश्वास ठेवा."

"अगं, अजून तिला मी पाहिलेलंही नाही."

"बघायचं काय त्यात?"

एकाच्या लेखी तो आधीच निर्दोष, दुसरीच्या लेखी आधीच दोषी. बरं झालं, ही दोघं कधी माझ्या कोर्टात नव्हती!

१४ फेब्रुवारी

समितीची पहिली बैठक. महासंघाच्या कचेरीत वरच्या मजल्यावरची खोली. भिंतीभर कपाटं, कपाटांत ढाली आणि चषक, आणि सगळ्या खोलीला जुन्या दोरांचा वास. एक खिडकी नीट लागत नाही. शाल घेऊन जायला हवी.

आम्ही तिघं. मी. डॉक्टर — उंचीवरच्या आजारांतले तज्ज्ञ, साठी ओलांडलेले, हाडाचे शंकेखोर. आणि वकीलबाई — लेकीच्या वयाची. भराभर टिपणं घेते आणि पेनाचं टोपण चावते.

डॉक्टरांनी बसल्या बसल्या प्रश्न टाकला. "किती खात्री झाली की ‘सिद्ध’ म्हणायचं?"

सांगितलं. फौजदारी कोर्टात माणूस तुरुंगात जायचा असतो, म्हणून तिथं वाजवी शंकेला जागा राहून चालत नाही. इथं तुरुंग नाही. इथं महासंघातलं पद जाईल, मोहिमा बंद होतील. इथं दोन्ही बाजू तोलायच्या, आणि घडलं असणं जास्त संभवतं की न घडणं, ते बघायचं.

"म्हणजे एक्कावन्न टक्के?"

"टक्के कसले, डॉक्टर? आपण कांदे-बटाटे घेतोय का?"

वकीलबाई खुदकन हसली. डॉक्टर हसले नाहीत. "बाई, अशा माणसाचं नाव जाणं तुरुंगापेक्षा कमी नाही."

त्यांचंही खोटं नाही. म्हणून तर आरोप जितका गंभीर, तितका पुरावा बारकाईनं बघायचा. माणूस मोठा आहे म्हणून पारडं इकडे झुकवायचं नाही, आणि मोठा आहे म्हणून तिकडेही नाही. मी हे सगळं छान समजावून सांगितलं. सांगायला काय जातंय!

२० फेब्रुवारी

आज कप्तानला प्रत्यक्ष पाहिलं. तक्रारीची प्रत घ्यायला आला होता. दार उघडलं आणि आम्ही तिघंही उठून उभे राहिलो! चौकशी ज्याची, त्याच्यासाठी समिती उभी! मी झटकन बसले. वकीलबाई बसली. डॉक्टर मात्र हात पुढे करून मोकळे झाले.

उंच. पासष्टीचा असेल, पण चालणं असं की जिना चढून आल्याचा पत्ताच नाही. उजव्या हाताची तीन बोटं हिमदंशानं गेलेली. उरलेल्या बोटांत पेन धरून सही केली — सुरेख, वळणदार. मग म्हणाला, "खिडकीची बिजागरी उतरलीय," आणि उठून, एका हातानं ती अख्खी खिडकी उचलून जागेवर बसवली! खोलीतला वारा थांबला. "बाई, मी पूर्ण सहकार्य करीन," म्हणाला, आणि गेला.

मला काय वाटलं ते इथं लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. वाटलं, बर्फात मरत पडले असते तर मला शोधायला हाच माणूस यावा. दिपून गेले. खोटं कशाला लिहू?

आणि ह्यातून सिद्ध काय होतं? काहीही नाही. तोच माणूस एकाला पाठीवर घेऊन उतरतो आणि दुसरीच्या तंबूत शिरतो — असंही असू शकतं. किंवा नसू शकतं.

२७ फेब्रुवारी

तिची साक्ष झाली. हात दुखतोय, पण आजचं आजच लिहायला हवं.

ठेंगणी. रुंद खांदे. गालांवर बर्फातल्या उन्हाचे डाग. नाव नोंदवून झाल्यावर म्हणाली, "सगळे मला मुंगी म्हणतात. हळू चालते पण ओझं घेऊन चालते म्हणून. तुम्हीही म्हणा, चालेल." बसली ती खुर्चीच्या पुढच्या अर्ध्यावर.

सरळ सांगत गेली. आम्ही उतरत होतो. वादळ आलं. तिघांचे तीन छोटे तंबू, हाकेच्या अंतरावर — पण हाक ऐकू जायची नाही असा वारा. तंबूत सगळीकडे पांढरा उजेड. कापडातून येतो. सावली पडत नाही म्हणे कशाची! दुपार होती. तंबूची चेन उघडली आणि कप्तान आत आले.

"पहिल्यांदा मला बरंच वाटलं," ती म्हणाली. "वाटलं, मी जिवंत आहे का बघायला आले."

वकीलबाईचं पेन थांबलं.

पुढचं तिनं सांगितलं. मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे. सांगताना आवाज चढला नाही, रडली नाही. एकदाच थांबली. मी विचारलं, "तुम्ही नकार दिलात?"

"नको म्हटलं. दोनदा म्हटलेलं आठवतं. तिसऱ्यांदा तोंडानं म्हटलं की नुसतं मनात म्हटलं, ते नाही सांगता येणार."

मग डॉक्टरांची पाळी. त्यांनी नेमकं बोट ठेवलं. इतक्या उंचीवर, ऑक्सिजन कमी, दिवसचे दिवस झोप नाही — अशा वेळी लोकांना भास होतात. नसलेली माणसं दिसतात. तुम्हाला?

मला वाटलं, आता ही नाही म्हणणार. कोणीही नाही म्हणेल! तिच्या वकिलानंही मान हलवून खुणावलं असतं, पण त्याला आत बसू दिलेलं नव्हतं.

"हो. मलाही झाले," मुंगी म्हणाली. "आमची मेलेली कुत्री दिसायची. तंबूच्या कोपऱ्यात बसलेली. कप्तान आले तेव्हाही होती."

डॉक्टर पुढे वाकले. "मग ते आले होते हा भास नव्हता कशावरून?"

"कुत्रीला वजन नव्हतं," ती म्हणाली. "ती बसायची तिथं स्लीपिंग बॅग दबत नव्हती. ती खोटी आहे हे मला तेव्हाही कळत होतं. मी तिला हाकलत नव्हते एवढंच. सोबत होती."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

कप्तानच्या वकिलानं पाठवलेले प्रश्न मी वाचून दाखवले. पहिला: वादळ शमल्यावर तुम्ही त्याच माणसाबरोबर, एकाच दोराला बांधून उतरलात. कसं?

"दुसरा दोर नव्हता."

दुसरा: विमानतळावरच्या फोटोत तुम्ही त्यांच्या शेजारी हसताना दिसता.

"हसतच होते. जिवंत परत आले होते."

घरी येताना बसचा थांबा चुकला. पुढे जाऊन उतरले आणि चालत आले.

२८ फेब्रुवारी

दिवसभर काही केलं नाही. "ते नाही सांगता येणार." — असं म्हणणारे साक्षीदार किती पाहिले मी आयुष्यात? एका हाताची बोटं पुरतील.

४ मार्च

लंब्या आला. वादळातला तिसरा. साडेसहा फुटी माणूस, दारातून वाकून आला. गुडघे टेबलाखाली मावेनात, तिरका बसला.

त्यानं सांगितलं — त्या दुपारी मुंगी स्लीपिंग बॅग ओढत, सरपटत त्याच्या तंबूत आली. "इथं झोपू दे," एवढंच म्हणाली. वादळ संपेपर्यंत तिथंच राहिली.

मग खाली बघत म्हणाला, "आणि त्याआधी मी तिला ओरडताना ऐकलं. ‘सोडा’ म्हणून ओरडली. मी ऐकलं."

काय हायसं वाटलं! तिघांनाही. वकीलबाईनं तर टोपण दातांतून काढून टेबलावर ठेवलं. घटनेच्या वेळचा आवाज, ऐकणारा माणूस — याहून जास्त काय हवं? डॉक्टर जिन्यात म्हणाले, "आता माझी हरकत नाही."

मीही खुशीत घरी आले. ह्यांनी विचारलं, "काय, आज फार प्रसन्न?" म्हटलं, काही नाही, बस वेळेवर मिळाली.

७ मार्च

हे कसं लिहू?

नियमाप्रमाणे लंब्याच्या साक्षीची प्रत दोन्ही बाजूंना गेली होती. आज बैठक नव्हती. मी जुने कागद चाळत एकटीच बसले होते. मुंगी जिना चढून आली. धापा टाकत नव्हती, पण चेहरा लाल. प्रत टेबलावर ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे काढा. मी ओरडले नव्हते."

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"त्या वाऱ्यात मला माझा श्वास ऐकू येत नव्हता, मॅडम. ओरडले असते तरी लंब्याला ऐकू गेलं नसतं. आणि मी ओरडलेच नाही. मला ओरडता आलं नाही. तो माझ्यासाठी खोटं बोलतोय. चांगला आहे तो. पण हे काढा."

मी म्हटलं — मीच म्हटलं, इतक्या वर्षांची न्यायाधीश! — "अगं, तुझ्या बाजूनं एवढंच आहे. हे गेलं तर काय उरतं, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

"मग मी सांगितलं तेवढंच उरतं."

तिचं म्हणणं लिहून घेतलं, सही घेतली. सही करताना हात स्थिर. ती जिना उतरून गेली. एक एक पायरी, घाई नाही.

अंगावर काटा आला तो अजून जात नाही. उभं आयुष्य लोकांना खोटा साक्षीदार आणताना पाहिलं. मिळालेला, फुकटचा, आपल्याच बाजूचा खोटा साक्षीदार स्वतःच्या हातानं घालवून देणारं माणूस मी आज पहिल्यांदा पाहिलं. पुरावा म्हणजे काय हे मी नव्या न्यायाधीशांना शिकवायची, आणि ही पोर तो असा जपते, जणू तिच्या हातात दुसऱ्या कोणाचा जीव आहे!

८ मार्च

डॉक्टरांशी खडाजंगी.

"चलाख असू शकते, बाई."

"चलाख माणूस स्वतःचा एकमेव साक्षीदार फेकून देईल?"

"समोर तुमच्यासारख्या न्यायाधीश बसल्या असतील तर देईल! तुम्ही किती भारावलात बघा."

रागच आला. मग बसमध्ये विचार केला — बरोबर बोलतायत की. भारावले आहे. कप्तानला बघूनही भारावले होते! त्याच्याबद्दलचं दिपणं मी लगेच बाजूला काढलं आणि हिच्याबद्दलचं मात्र पुरावा म्हणून वहीत मांडून बसले. असं नाही चालणार. तिनं खरं वाक्य खोडायला लावलं की खोटं, ते आधी तपासायला हवं. लंब्याला परत बोलावते.

११ मार्च

लंब्या आला. मी मुंगीचं म्हणणं वाचून दाखवलं. साडेसहा फुटी माणूस खुर्चीत एवढासा झाला.

"ऐकलं नव्हतं मी," म्हणाला. "वाऱ्यात काहीच ऐकू येत नव्हतं."

"मग का सांगितलंत?"

"मला वाटलं, एवढं तरी करावं. तिनं माझ्या तंबूची चेन उघडली ना, तेव्हा मी तिचा चेहरा बघितला. मला कळलं काहीतरी झालंय. मी विचारलं नाही. आम्ही दोन-तीन दिवस एका तंबूत होतो, मी तिला बर्फ वितळवून पाणी दिलं, बिस्किटं दिली, आणि विचारलं नाही. आता दोन वर्षांनी तुम्ही विचारलंत तर वाटलं — निदान ऐकलं म्हणून सांगावं."

डॉक्टरांनी त्याला एकच विचारलं. वादळ चालू असताना एका तंबूतून दुसऱ्यात जायचं, म्हणजे काय करावं लागतं?

"सर, जात नाहीत. वारा उचलून फेकतो. लघवीसुद्धा आतच, बाटलीत. ती पोटावर सरपटत आली. तंबूंमध्ये बांधलेला दोर धरून. हातमोजा एकच होता."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. दोनदा.

१५ मार्च

कप्तानची साक्ष.

या वेळी आम्ही उठलो नाही.

सभ्य. शांत. उत्तरं मोजकी. मी तंबूतून बाहेर पडलो नाही. ती मुलगी महत्त्वाकांक्षी आहे. पुढच्या मोहिमेत मी तिला घेतलं नाही, त्याचा राग असणार. — हेही तोललं. मोहीम गेल्या पावसाळ्यात ठरली. मुंगीनं तिच्यासाठी नाव दिलंच नव्हतं. डॉक्टरांनी कचेरीत विचारून घेतलेलं.

मी विचारलं, ती तंबू सोडून लंब्याकडे का गेली असेल?

"घाबरली असेल."

"वादळाला?"

"हो."

डॉक्टर म्हणाले, "वादळाला घाबरलेला माणूस वादळात बाहेर पडतो?"

कप्ताननं त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच मला तो म्हातारा दिसला. "उंचीवर माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, डॉक्टर. तुम्हाला मी काय सांगायचं?"

मग मी त्याला सांगितलं, लंब्यानं ओरडणं ऐकल्याचं म्हटलं होतं आणि तक्रारदारानं स्वतः येऊन ते खोडायला लावलं. प्रत त्याच्याकडे गेली होती, पण त्यानं वाचली नव्हती बहुतेक. वकिलानंच वाचली असेल.

"तिनं?"

"हो."

तो गप्प झाला. त्या बोटं गेलेल्या हाताकडे बघत बसला. मी थांबले. मला थांबता येतं, आयुष्यभर तेच केलं.

शेवटी म्हणाला, "ती फार चांगली गिर्यारोहक आहे." आणि उठला.

याचा अर्थ काय लावायचा? काहीच लावायचा नाही. नुसत्या गप्प बसण्यावरून कोणाला दोषी धरता येत नाही. इथं लिहिलं, तिथं लिहिणार नाही.

२२ मार्च

निर्णयाची बैठक. दुपार सगळी गेली, चहा तीनदा झाला.

वकीलबाईचं मत पहिल्या दिवसापासून झालेलं होतं. तिला म्हटलं, तू विरुद्ध बाजूनं बोल, कप्तानची वकील हो. काय बोलली! दोन वर्षं गप्प का, हसरा फोटो, एकच दोर, भास, एकटीचा शब्द — एक मुद्दा सोडला नाही. बोलून झाल्यावर तिचेच डोळे भरले. "मॅडम, हे सगळं बोलायला इतकं सोपं आहे?"

मग आम्ही उलट बाजूनं गेलो. तिच्या सांगण्यात जे जे तपासता येण्यासारखं होतं, ते तपासलं. प्रत्येक ठिकाणी ते जुळलं. जिथं जुळण्यासाठी खोटं बोलायची सोय होती, तिथं ती बोलली नाही. आणि वादळातलं ते सरपटत जाणं — ते तिनं नव्हे, दुसऱ्या माणसानं पाहिलंय. त्याचं कारण कप्तानकडे नाही. तिच्याकडे आहे.

एका साक्षीदाराच्या शब्दावर निर्णय देता येतो, साक्षीदार तसा असला तर — हे वाक्य मी निकालांत कितीदा लिहिलं असेल! ‘तसा’ म्हणजे कसा, हे मला कोणी विचारलं असतं तर मी दुसरे चार शब्द सांगितले असते. आता सांगणार नाही. म्हणेन, मुंगीला भेटा.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. सगळं त्यांच्यावर होतं. दोघी बायका एकीकडे आणि एकटा पुरुष विरोधात — असा अहवाल गेला असता तर लोकांनी दुसऱ्या दिवशी केराच्या टोपलीत टाकला असता.

डॉक्टर खिडकीपाशी जाऊन उभे होते. म्हणाले, "बाई, मी इतकी वर्षं उंचीवर भास झालेली माणसं तपासतोय. खाली आल्यावर काही म्हणतात, काहीच दिसलं नाही. काही म्हणतात, जे दिसलं ते सगळं खरं. आपला भास आणि आपलं खरं असं वेगवेगळं काढून समोर ठेवणारी मी एकच पाहिली." माझ्याकडे वळले. "मी तिच्यावर भारावलेलो नाही, हे लिहून घ्या."

"बरं."

"थोडासा आहे."

तिघांचं एकमत.

३० मार्च

अहवाल सही करून दिला. आरोप सिद्ध. पद काढून घ्यावं, मोहिमांवर बंदी असावी. अपिलाची मुभा त्याला आहेच.

‘समितीसमोर तक्रारदार स्त्रीचं एकही विधान असत्य आढळलं नाही’ — हे वाक्य मी स्वतः लिहिलं. लिहिताना कोण समाधान वाटलं!

२ एप्रिल

गोंधळच गोंधळ. अहवालाचा सारांश छापून आला. कचेरीवर दगड. कप्तानच्या बाजूनं मोर्चा, त्यात शाळेतली मुलं. टीव्हीवर एकच प्रश्न — पुरावा कुठाय? कोणी पाहिलं? कोणी ऐकलं? एक गृहस्थ तर म्हणाले, ओरडलीसुद्धा नाही म्हणे, तिचंच म्हणणं आहे! जे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला, तेच हे लोक तिच्या तोंडावर फेकतायत.

लेकीचा फोन: "आई, मला तुझा अभिमान आहे." म्हटलं, माझा कशाला?

ह्यांचं दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलणं. आज भाजी वाढताना म्हणाले, "तू शहाणी बाई आहेस. पण नुसतं ती म्हणते म्हणून? एका माणसाच्या म्हणण्यावर एवढं आयुष्य पुसायचं?"

अहवाल वाचा म्हटलं. नाही वाचला.

११ एप्रिल

कप्ताननं अपील केलं. सुनावणी पुढच्या महिन्यात. दुसरे तिघं बसतील. माझं काम संपलं.

आज सकाळी गच्चीत बराच वेळ उभी होते. बर्फाचे डोंगर मी कधी पाहिले नाहीत, आता काय बघणार! पण ती एक हातमोजा घालून, पोटावर सरपटत, दोर धरून जाते, आणि मागे कोपऱ्यात मेलेली कुत्री बसून राहते — हे मला डोळ्यांपुढे दिसतं. इतक्या वर्षांच्या खटल्यांतलं दुसरं काही इतकं स्वच्छ दिसत नाही.

१४ एप्रिल

सकाळी मुंगीचा फोन. "मॅडम, अहवालात तुम्ही ‘शिखर सर करून परतताना’ असं लिहिलंय. ते चूक आहे. आम्ही शिखरावर पोहोचलोच नव्हतो. खूप खालीच ढगात फोटो काढला आणि मागे फिरलो. कप्तान म्हणाले, पोहोचलो म्हणायचं. मीही दोन वर्षं म्हणत आले. समितीत ते कोणी विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही. पण आता ते तुमच्या सहीनं छापलंय."

शिखर सर केलं म्हणूनच तिला नोकरी मिळालेली. ती नोकरी आता जाणार. आणि अपिलात तिला आता खोटारडी ठरवणार, माझं ते समाधानाचं वाक्य तिच्याच विरुद्ध वाचणार. हे तिला माझ्याआधी कळलेलं होतं. "दुपारी पत्रकारांना सांगणार आहे," म्हणाली. "तुम्हाला आधी सांगावं म्हटलं."

दुपारी सांगितलं. एकटीनं, कुठलाही कागद न दाखवता. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाहिन्यांवर तेच — शिखर खोटं! कप्ताननं लोकांना फसवलं!

हे टीव्हीसमोरून ताडकन उठले. "बघ! इतकी वर्षं आम्ही पोरांना ह्याच्या गोष्टी सांगितल्या!"

"पण पुरावा काय?" मी विचारलं. "कोणी पाहिलं? नुसतं ती म्हणते."

"अगं, ती कशाला खोटं बोलेल? स्वतःचंच एवढं नुकसान करून—" हे म्हणाले, आणि तिथंच थांबले.